आठ वेळा शून्य

भाऊ गेल्यानंतर पंधराव्या दिवशी थोरली कामावर आली. तिच्या खुर्चीवर कोणीतरी कागदांचा गठ्ठा ठेवून दिला होता. तो तिने टेबलावर सरकवला, स्क्रीन सुरू केली आणि सवयीने एकोणीस पुलांची यादी वरून खाली वाचली. अठरा पुलांपुढे हिरवा ठिपका होता. एकोणिसाव्यापुढे काहीच नव्हतं. त्या पुलाचा चौथा खांब कलला होता, खांबावरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा तुकडा, निसटून नदीत पडला होता आणि खांबाच्या शिडीवर उभा असलेला तिचा भाऊ त्याच्याबरोबर गेला होता.

थोरली हे तिचं घरातलं नाव. इथे ती मॅडम होती. पुलांच्या खांबांवर साबणाच्या डबीएवढे सेन्सर बसवलेले असत. खांबाचं डोकं जागेवरून किती मिलिमीटर सरकलं, हे ते दर दहा मिनिटांनी कळवत. वीसपर्यंत हिरवं, वीसच्या पुढे पिवळं, तीसच्या पुढे तांबडं. तांबडं झालं की पूल बंद. ‘डॉक्टर नाडी बघतो ना, तसंच,’ असं पाहुण्यांना सांगायची साहेबांना हौस होती. नाडी बघायला थोरली आणि शेजारच्या टेबलावर चष्मेवाला. खांबावर चढायला तिघे तंत्रज्ञ. त्यांतला सगळ्यात हलका, सगळ्यात चपळ आणि सगळ्यात बडबड्या तो धाकटा. त्याला या नोकरीत तिनेच आणलं होतं.

डबीतली बॅटरी आठ महिने चाले. ती बदलायची तर डबी खांबावरून काढावी लागे आणि परत बसवताना ती केसभर इकडेतिकडे होई. डबीला केसभरही पुष्कळ असतं. अगदी सुरुवातीला अशीच एक डबी बसवली आणि स्क्रीनवर आकडा एकदम चौतीस झाला. पूल बंद, दोन्ही तीरांवर गाड्यांच्या रांगा, आणि एका रांगेत नेमका कोणी बडा अधिकारी. खांब ठणठणीत होता. साहेबांना वरून बोलणी बसली, साहेबांनी ती जशीच्या तशी खाली पोचवली. त्याच आठवड्यात थोरलीने एक नियम केला. डबी काढण्याआधीचा आकडा तंत्रज्ञाने फोनवर सांगायचा, बॅटरी बदलून डबी बसवायची, आणि मग ऑफिसातून तो आकडा शून्य करायचा. म्हणजे बसवण्यातली चूक जागच्या जागी पुसली जाते. नियम साधा होता, सगळ्यांच्या सोयीचा होता. तो छापून भिंतीवर लागला. त्यानंतरच्या सव्वापाच वर्षांत खोटा अलार्म एकदाही वाजला नाही.

धाकट्याचा फोन आला की आवाजावरूनच तो किती उंचावर आहे ते तिला कळे. वर वारा असे.

“मॅडम, चौथ्या खांबावरून आपला सेवक बोलतोय.”

“बोल डाव्या.”

“काढायच्या आधीचा आकडा चार. लिहून घेतलात का? नाहीतर उद्या म्हणाल, सांगितलंच नव्हतं.”

“घेतला. खाली बघून उतर.”

“खाली बघितलं तर उतरायचं धाडसच होणार नाही, ताई. बसवली. कर शून्य.”

डाव्या, कारण तो डावखुरा होता. घरात हे नाव फक्त ती घेई. ऑफिसातही तिच्या तोंडून निसटलं ते तसंच राहिलं.

साहेबांनी अकराच्या सुमारास तिला आत बोलावलं. दार स्वतः लावलं, पाण्याचा पेला स्वतः पुढे केला. एवढ्यावरूनच तिने ओळखलं की काहीतरी मागायचं आहे.

“परवा चौकशी समितीला अहवाल जायचाय,” साहेब म्हणाले. “तांत्रिक भागावर तुमची सही लागते. वाचा. घाई नाही, पण उद्या संध्याकाळपर्यंत द्या.”

अहवाल अकरा पानांचा होता. पाच पानं नदीवर होती. पाण्याने चौथ्या खांबाच्या पायाखालची माती चाटून नेली, असं तिथे आकृत्यांसह लिहिलं होतं. मग खांब झुकत असताना सेन्सरने का सांगितलं नाही, हा प्रश्न सातव्या पानावर होता. उत्तर आठव्यावर. ‘सदर सेन्सरचे वाचन विश्वासार्ह नव्हते. संबंधित तंत्रज्ञ डावखुरा असल्याने बोल्ट तिरपे आवळले जात व सेन्सर कालांतराने एका बाजूस बसत असे. ही बाब नोंदवहीत वेळोवेळी नमूद आहे.’

तिने ते दोनदा वाचलं.

“वेळोवेळी नाही,” ती म्हणाली. “एकदाच.”

“कोणी नमूद केलीय?”

“मी.”

“मग झालं तर.”

शब्द तिचेच होते. बॅटरीची ती पाचवी खेप. धाकट्याने आकडा सांगितला, सहा. आणि फोन न ठेवता विचारलं, “ताई, एक गंमत सांगू? बाकीच्या पुलांवर कधी अधिक येतं, कधी उणे येतं. हा खांब मात्र दर वेळी अधिकच. पाचही वेळा. असं का गं?” ती म्हणाली, “तू डावखुरा ना. बोल्ट तिरपा आवळतोस, मग डबी हळूहळू तिकडेच बसणार. तुझं सगळंच एका बाजूला झुकतं.” तो हसला होता. नोंदवहीत शेऱ्याचा रकाना रिकामा सोडला तर कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नसे. तिने तिथे तेच टाकलं, जरा सभ्य भाषेत.

“मी काही राक्षस नाही,” साहेब म्हणत होते. “तुमचा भाऊ होता, मला कळतं. पण गेलेल्या माणसाला ना नोकरी असते, ना चौकशी. तुम्हाला दोन्ही आहे. आणि यात त्याला दोष तरी कुठे दिलाय? डावखुरा असणं हा काही गुन्हा नाही.”

“त्याची बायको वाचेल. आई वाचेल.”

“तांत्रिक अहवाल कोण वाचतं हो?” साहेब म्हणाले. “आम्ही तरी कुठे धड वाचतो?”

अहवाल वाचायची गरजच पडली नाही. तो तिच्या आधी घरी पोचला होता.

धाकट्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. गेले पंधरा दिवस थोरली तिथेच राहत होती. तिची स्वतःची खोली नदीपलीकडे होती, पण तिकडे जायचं मन होत नव्हतं. संध्याकाळी ती आली तेव्हा आई खिडकीशी लसूण सोलत बसली होती. समोरच्या ताटलीत दोन महिने पुरेल एवढा लसूण सोलून झाला होता. भावजय दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करी. ती नुकतीच परतली होती, पिशवीसुद्धा अजून खांद्यावर होती.

“तुझ्या ऑफिसातला माणूस येऊन गेला,” आई म्हणाली. “कसल्याशा कागदावर सही हवी होती. भला वाटला. बसला घटकाभर, चहा घेतला.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, आजी, तुमच्या मुलाचा दोष नाही. डाव्या हाताने आवळलं की असं होतं. जन्मतःच असतं ते.” आईने पाकळी ताटलीत टाकली. “पण जन्मतः म्हणून काय झालं? पहिलीत त्याच्या बाईंनी सांगितलं होतं, डाव्या हाताची सवय मोडा म्हणून. मी आठ दिवस त्याच्या डाव्या हाताला रुमाल बांधला. नवव्या दिवशी पोर जेवेना, तेव्हा सोडला. बाई म्हणाल्या, तुम्ही फार मऊ आहात. मऊच होते मी. तेव्हा मन घट्ट करून महिनाभर बांधून ठेवला असता तर आज...”

“आई, पुरे झालं,” भावजय म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण पिशवी खाली ठेवताना आतला डबा वाजला. “या घरातला एक खिळा तिरपा दाखवा मला. एक नळ दाखवा. ते फडताळ लावलं तेव्हा भिंत वाकडी निघाली होती, फडताळ नाही. आणि तो मनुष्य कोण मोठा सांगणारा? आयुष्यात कधी शिडी चढलाय?” मग ती थोरलीकडे वळली. “वन्सं, तुम्ही सांगा ना आईंना. तुम्हाला त्यातलं कळतं. हात चुकला म्हणून पूल पडतो का?”

दोघी तिच्याकडे बघत होत्या. थोरलीला उत्तर येत होतं. पूर्ण नाही, पण अर्धंमुर्धं येत होतं.

“उद्या बघते,” ती म्हणाली. “कागद बघून सांगते.”

आईने पुढचा गड्डा फोडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आठालाच ऑफिसात पोचली. नोंदवही उघडली आणि चौथ्या खांबाचे, डबी काढण्याआधीचे आकडे अहवालाच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने उतरवून काढले. एकाखाली एक. तीन, चार, चार, पाच, सहा, सात, नऊ, अकरा. कॉम्प्युटरने ते सगळे जपून ठेवले होते. फक्त त्यांची बेरीज करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक आकडा वीसच्या आत, म्हणून प्रत्येक हिरवा. प्रत्येक आकडा पुसला की पुढचा पहिल्यापासून.

तिने बेरीज केली. पाचव्या खेपेला बावीस. म्हणजे पिवळं. सातव्या खेपेला अडतीस. म्हणजे तांबडं, पूल बंद, शिडी लावायचा प्रश्नच नाही. शेवटी एकोणपन्नास.

डबी खोटं बोलली नव्हती. ती दर आठ महिन्यांनी खरं सांगत होती आणि थोरली दर आठ महिन्यांनी, स्वतःच्या नियमाने, स्वतःच्या बोटाने तिचं तोंड बंद करत होती.

तेवढ्यात चष्मेवाला आला. डबा ठेवता ठेवता त्याने कागदावर नजर टाकली आणि खुर्चीत बसायचं विसरला.

“सहावी खेप कोणाची?” तिने विचारलं. “नोंदीत त्याचं नाव नाही.”

“माझी.” चष्मेवाल्याने घसा साफ केला. “त्याला कावीळ झाली होती ना. साहेब म्हणाले, तूच जा. आयुष्यात एकदाच चढलो. वरून रडवेल्या आवाजात फोन केला होता तुम्हाला, आठवतंय?”

“तू उजवा.”

“जन्मापासून.”

सहाव्या खेपेला डबी उजव्या हाताने बसवली होती. त्यानंतर आठ महिन्यांत आकडा कमी व्हायला हवा होता, निदान थांबायला हवा होता. तो नऊ झाला. एवढं एकच वाक्य लिहिलं की आठवं पान कोसळत होतं.

आणि हे तिने शोधलेलं नव्हतं. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. सातव्या खेपेला धाकटा म्हणाला होता, “ताई, नऊ. परत अधिकच. आणि गंमत म्हणजे मागच्या खेपेला मी बसवलेलीच नव्हती.” त्या दिवशी ऑफिसात पाहुणे होते. साहेब त्यांना नाडीचं सांगत होते, आणि थोरली एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पडद्यावर नकाशा लावत होती. “मग त्याचाही हात डावा झाला असेल तुझ्या संगतीने,” ती म्हणाली. “लवकर सांग, बसवली का?” तो म्हणाला, “बसवली. कर.” तिने केलं.

“मॅडम,” चष्मेवाला हळूच म्हणाला, “हा नियम सगळ्याच पुलांना आहे.”

दोघांनी पूल वाटून घेतले. नऊ तिने, नऊ त्याने. कागदावर, पेन्सिलीने, अधिक आणि उणे. बहुतेक ठिकाणी अधिकांनी उणे खाल्ले आणि शेवटी दोन-तीन उरले. चष्मेवाल्याच्या यादीतल्या सातव्या पुलापाशी त्याची पेन्सिल थांबली. दुसरा खांब, डबी दोन वर्षं उशिरा बसवलेली. चार, पाच, पाच, सहा, सात. एकही उणे नाही. सत्तावीस. स्क्रीनवर त्या पुलापुढे हिरवा ठिपका होता आणि त्याच्यावरून शहरातल्या बसगाड्या जात होत्या. थोरलीची खोली त्याच पुलापलीकडे होती. तीही त्यावरूनच ये-जा करी.

ती दार न वाजवता साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब आधी चिडले. मग त्यांनी कागद घेतला. मग पुन्हा पहिल्यापासून बेरीज केली, बोटं टेबलावर मोजत, शाळकरी पोरासारखी.

“सत्तावीस म्हणजे पिवळं,” ते म्हणाले. “पिवळ्याला पूल बंद करत नाहीत.”

“पिवळ्याला माणूस पाठवून बघतात. पाणबुड्या पाठवा. तो वर येईपर्यंत बंद ठेवा.”

“दोन पूल बंद! शहर डोक्यावर घेतील लोक. आणि मी कारण काय सांगू? की आम्हाला बेरीज येत नव्हती?”

“हो.”

साहेब एकाएकी म्हातारे दिसायला लागले. मग त्यांनी फोन उचलला. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो पूल बंद झाला. दुपारी तीन वाजता पाणबुड्या वर आला आणि म्हणाला की दुसऱ्या खांबाच्या पायाखाली त्याचा हात कोपरापर्यंत आत जातो.

“आता हे लपत नाही,” साहेब म्हणाले. “नियम कोणी केला, हे लिहावं लागेल. मीही मान्यता दिली होती, माझंही येईल. पण पहिलं नाव तुमचं.”

“मी लिहून आणलंय.”

दोन पानं होती. नियमाची तारीख, आठ आकडे, त्यांची बेरीज, सहावी खेप. पाचव्या आणि सातव्या खेपेला तंत्रज्ञाने काय विचारलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, शब्दशः. साहेबांनी तो भाग वाचताना चष्मा काढून पुसला.

“एवढं लिहायलाच हवं का? फोनवरचं बोलणं. ते कुठे नोंदलेलं नाही. तुम्ही आणि तो, दोघांनाच माहीत.”

“म्हणूनच.”

“नोकरी राहणार नाही, मॅडम.”

“माहितेय.”

घरी ती सात वाजता पोचली. पूल बंद झाल्याने सगळे रस्ते तुंबले होते, म्हणून उशीर झाला होता. आई आणि भावजय जेवायच्या थांबल्या होत्या. ताटं वाढलेली नव्हती, नुसती मांडलेली होती. थोरली बसली नाही. बसलं तर सांगून होणार नाही, असं तिला वाटलं.

“आई, त्याचा हात चुकला नव्हता,” ती म्हणाली. “कधीच नाही. एकदाही नाही.”

आणि मग तिने सगळं सांगितलं. मिलिमीटर आणि बॅटऱ्या आईला कळायच्या नाहीत म्हणून तिने दुसऱ्या तऱ्हेने सांगितलं. समज, रोग्याला ताप येतोय. रोज थोडा चढतोय. आणि मी रोज थर्मामीटर झटकून ठेवतेय आणि म्हणतेय, कालच्यापेक्षा थोडाच तर जास्त आहे. कालचा, परवाचा, तेरवाचा मी धरतच नाहीये. तो मला सांगत होता, ताई, ताप चढतोय. मी त्याची चेष्टा करत होते.

“शेवटच्या दिवशी?” भावजयीने विचारलं. ती ओट्याला टेकून उभी होती.

शेवटच्या दिवशी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी फोन आला होता. तो सेवक वगैरे काही म्हणाला नाही. “ताई, अकरा आहे. आणि वर दोन गाळ्यांच्या फटीत मागच्या खेपेला माझं बोट जात होतं. आज मूठ जाते.” ती म्हणाली, “बॅटरी बदल, खाली ये, मग निवांत बोलू.” त्याने बदलली. दहा एकोणपन्नासला म्हणाला, “बसवली.” ‘कर’ म्हणाला नाही. तिने शून्य केलं. दहा एक्कावन्नला त्या पुलाच्या सगळ्या सेन्सरांशी संपर्क एकदम तुटला. मधली दोन मिनिटं चौथा खांब कागदोपत्री अगदी सरळ उभा होता.

“दुपारी अडीचला सापडला,” आई म्हणाली, जणू तेवढं सांगायचं राहिलं होतं. मग ती म्हणाली, “म्हणजे हात बरोबर होता त्याचा.”

“हो, आई.”

“रुमाल सोडला ते बरोबर केलं मी.”

“हो.”

आईच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं काहीतरी आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले. मग तिची नजर थोरलीवर गेली आणि तिथेच राहिली. ती रागावली नव्हती. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं.

“मग तू कुठे बघत होतीस गं?”

स्क्रीनकडे, असं उत्तर होतं.

भावजय ओट्यापासून हलली. मांडलेल्या ताटांतलं एक ताट तिने उचललं, पुसलं आणि परत रॅकमध्ये उभं केलं.

“ते घरी येऊन सांगायचे मला,” ती म्हणाली. “तो खांब मला आवडत नाही म्हणायचे. मी म्हणायची, मग वन्संना सांगा. ते म्हणायचे, सांगितलंय, ताई बघतेय. ताई बघतेय म्हणजे काळजी नाही.” तिने हात पदराला पुसले. “आठव्या खेपेला मी म्हटलं होतं, आज नका जाऊ, दुसऱ्या कोणाला पाठवू दे. म्हणाले, ताई आहे ना तिकडे.”

“मी अहवालात सगळं लिहिलंय.”

“चांगलं केलंत.” भावजयीने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. “खरंच चांगलं केलंत, वन्सं. त्यांचं नाव तुम्ही वाचवलंत. आईंच्या जिवाचा घोर गेला. हे मी विसरणार नाही. पण काल मी तुम्हाला इथेच, याच जागी विचारलं. हात चुकला म्हणून पूल पडतो का. आणि तुम्ही म्हणालात, उद्या बघते. रात्रभर आई उशीखाली हात घेऊन पडल्या होत्या, स्वतःचा हात, की याच हाताने रुमाल सोडला. मी शेजारी जागी होते. तुम्हीही जाग्या होतात, मला दिसत होतं.”

“बेरीज आज केली मी.”

“पण वाटत होतं ना?”

“वाटत होतं.”

“मग आज इथे राहू नका,” भावजय म्हणाली. “तुमचे कपडे मी बांधून देते. आईंना मी बघेन. त्यांची काळजी करू नका.”

थोरलीने आईकडे बघितलं. आई लसणाच्या ताटलीकडे बघत होती. ती नको म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. ज्या आईने तिला उभ्या आयुष्यात कधी जेवल्याशिवाय उंबरठा ओलांडू दिला नव्हता, तिने लसणाचा पुढचा गड्डा उचलला.

नोकरी पुढच्या आठवड्यात गेली. भिंतीवरचा नियम उतरवला आणि त्या जागी नवा लागला. चष्मेवाल्याने फोन करून तो तिला वाचून दाखवला, नीट लिहिलाय का म्हणून. तिने त्यात एक दुरुस्ती सुचवली. ती त्याने केली.

आता ती दर रविवारी आईची रक्तदाबाची औषधं घेऊन जाते. ती तिला कोणी आणायला सांगितलेली नाहीत. भावजय दवाखान्यातच कामाला असते, तिला ती सहज मिळतील. तरी थोरली नेते. बस लांबच्या पुलावरून वळसा घालून जाते, पाव तासाच्या रस्त्याला पाऊण तास लागतो. आणि गाडीत दर रविवारी कोणीतरी त्यावरून कुरकुरत असतं.

परवाच्या रविवारी शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर भरगच्च पिशवी. “चांगला धडधाकट पूल आहे,” ती म्हणाली. “मी डोळ्यांनी बघितलाय, कुठे चीर नाही, काही नाही. म्हणे आकडा वाढला! आकड्याने कधी पूल पडतो का?”

“नाही,” थोरली म्हणाली.

“मग! कधी उघडणार देव जाणे.”

“पाया भरून काढायचाय. वर्ष तरी जाईल.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“मी तिथे कामाला होते.”

“अगंबाई! मग तुम्हीच सांगा ना त्यांना, जरा हात चालवा म्हणावं. आमच्या हालांना काही सुमार आहे का?” आणि तिने पिशवी सावरून थोरलीच्या बाजूला थोडी सरकवली. थोरलीने ती उतरेपर्यंत धरून ठेवली.

तिसऱ्या मजल्यावरचं दार भावजयीने उघडलं. पूर्ण नाही, माणूस मावेल इतकंही नाही. औषधांची पिशवी घेतली, आत डोकावून पाहिली, मान हलवली.

“दाब कसाय?” थोरलीने विचारलं.

“बरा आहे. परवा थोडा वाढला होता.”

“किती?”

भावजयीने आकडा सांगितला. थोरलीने तो पुन्हा मनाशी म्हटला. मागच्या रविवारचा आणि त्याच्या मागच्याचाही तिला पाठ होता.

“तीन आठवडे चढताच आहे,” ती म्हणाली. “थोडा थोडा. डॉक्टरांना दाखव.”

“दाखवते.”

आतून आईचा आवाज आला, “कोण आलंय गं?”

भावजय तशीच उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“औषधं आलीत, आई,” ती आत वळून म्हणाली.

आतून पुढे काही विचारलं गेलं नाही. दार हळू लागलं, आवाज न करता. थोरली काही वेळ जिन्यात थांबली आणि मग खाली उतरली. परतीच्या बसला अजून चाळीस मिनिटं होती.